स्क्रीनशॉटच्या पलीकडचा पुरावा: ईमेल आणि समाजमाध्यमांचा तपास कसा चालतो

सायबर गुन्ह्याची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात येणारा माणूस बहुधा मोबाइलमधले स्क्रीनशॉट छापून आणतो. धमकी कोणी दिली, पैसे कोणी मागितले, बदनामीचा मजकूर कोणी टाकला, हे सगळे त्या कागदांवर दिसत असल्यामुळे पुरावा पूर्ण झाला अशी त्याची समजूत असते. तपास अधिकाऱ्याला आणि पुढे न्यायालयाला मात्र त्या कागदांवरून फार थोडे सिद्ध करता येते. पडद्यावर दिसणारे नाव कोणीही धारण करू शकतो, छायाचित्र दुसऱ्याचे लावता येते, आणि स्क्रीनशॉटमधली तारीख किंवा वाक्य बदलणे आता शाळकरी मुलालाही जमते. खरा पुरावा असतो तो मजकुराभोवती यंत्रांनी आपोआप लिहून ठेवलेल्या नोंदींमध्ये, आणि या नोंदी कायम राहत नाहीत. खात्यापासून आयपी पत्त्यापर्यंत (इंटरनेटच्या जोडणीला मिळणारा क्रमांक), तिथून उपकरणापर्यंत आणि उपकरणापासून प्रत्यक्ष माणसापर्यंत तपास जातो. यातला प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो, आणि एखादा टप्पा गृहीत धरला तर निरपराध माणसाच्या दारात पोलीस उभे राहू शकतात. मुंबईत हे घडलेही आहे, त्याविषयी पुढे येईलच.

मेलचा न दिसणारा भाग

अंधेरीच्या एमआयडीसीत छोटा कारखाना चालवणाऱ्या एका काल्पनिक उद्योजकाचे उदाहरण घेऊ. तो तैवानच्या पुरवठादाराकडून यंत्रांचे सुटे भाग मागवतो. एक दिवस त्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो की, आमच्या बँकेत लेखापरीक्षण सुरू असल्यामुळे या वेळची रक्कम सोबत दिलेल्या नव्या खात्यात भरावी. मेलखाली मागचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा असतो, बिलाचा क्रमांक बरोबर असतो, सही आणि बोधचिन्ह ओळखीचे असते. उद्योजक पैसे भरतो, आणि पुढच्या पंधरवड्यात खरा पुरवठादार थकबाकीची आठवण करतो.

अशा वेळी पहिली चूक होते ती तो मेल फॉरवर्ड करण्याची. सीएला, वकिलाला, पोलिसांना मेल फॉरवर्ड केला की प्रत्येक वेळी एक नवा मेल तयार होतो आणि त्याला नव्या पाठवणाऱ्याच्या नोंदी चिकटतात. मूळ मेलच्या नोंदी त्या प्रतीत उरतच नाहीत. त्याऐवजी मूळ मेल फाइलच्या रूपात उतरवून घ्यावा लागतो. जीमेलमध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर दाबल्यावर ‘मूळ दाखवा’ हा पर्याय मिळतो आणि तिथून ईएमएल प्रकारची फाइल डाउनलोड करता येते. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण पुढचा सगळा तपास त्यावर उभा राहतो.

या फाइलमध्ये मजकुराच्या आधी जो दाट, वाचायला कंटाळवाणा भाग दिसतो, त्याला हेडर म्हणतात. ईमेलची वाहतूक ज्या नियमांनी चालते, ते एसएमटीपी नावाचे नियम जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्या काळी मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था एकमेकींना मेल पाठवत असल्यामुळे पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय त्या नियमांत ठेवलेली नव्हती. ‘फ्रॉम’ या ओळीत पाठवणारा जे लिहील तेच समोरच्याला दिसते, आणि ही उणीव आजतागायत मुळात तशीच आहे. म्हणून तपासणारा माणूस ‘फ्रॉम’ ओळीवर विसंबत नाही. तो सर्वांत आधी ‘रिसीव्हड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधतो.

मेल ज्या ज्या सर्व्हरमधून, म्हणजे मेल पुढे पोहोचवणाऱ्या संगणकातून, जातो, तो प्रत्येक सर्व्हर आपली एक ‘रिसीव्हड’ ओळ हेडरच्या माथ्यावर जोडतो: कोणाकडून मिळाला, कोणी घेतला, किती वाजता. त्यामुळे मेलचा प्रवास समजून घ्यायचा असेल तर या ओळी खालून वर वाचाव्या लागतात. इथे एक बारकावा आहे, जो नवशिक्यांच्या हातून नेहमी निसटतो. सर्वांत खालच्या ओळी पाठवणाऱ्याच्या ताब्यातल्या यंत्राने लिहिलेल्या असू शकतात, म्हणजेच त्या बनावटही असू शकतात. मेल त्याच्या हातातून सुटल्यानंतर पुढच्या सर्व्हरांनी जोडलेल्या ओळींना मात्र तो हात लावू शकत नाही. म्हणून प्रवास खालून वर वाचायचा असला, तरी विश्वास वरून खाली तपासत न्यायचा असतो. आपल्या स्वतःच्या मेलसेवेने लिहिलेल्या ओळीपासून सुरुवात करायची, आणि ज्या ओळीशी साखळी जुळेनाशी होते, तिच्याखालचे सगळे संशयास्पद मानायचे.

त्याच हेडरमध्ये पडताळणीचे तीन निकाल सापडतात. एसपीएफ सांगते की, ज्या सर्व्हरने मेल पाठवला त्याला त्या डोमेनच्या (मेलपत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) मालकाने तशी परवानगी जाहीरपणे दिलेली आहे का. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही आहे. तिची जुळवणी झाली तर सही ज्या भागांवर केलेली आहे ते वाटेत बदललेले नाहीत असे म्हणता येते. डीमार्क या दोन्ही निकालांची सांगड ‘फ्रॉम’ ओळीतल्या डोमेनशी घालते. डीकेआयएमची जुळवणी करायला लागणारी सार्वजनिक किल्ली डोमेनच्या मालकाने इंटरनेटवर ठेवलेली असते आणि तो ती अधूनमधून बदलतो, जुनी काढूनही टाकतो. त्यामुळे ही तपासणी मेल ताजा असतानाच करून तिचा निकाल नोंदवून ठेवलेला बरा.

आता आपल्या उद्योजकाच्या मेलमध्ये हे तिन्ही निकाल ‘पास’ असे दिसले, तर मेल खरा मानायचा का? मुळीच नाही. पुरवठादाराच्या डोमेनमध्ये एक इंग्रजी ‘एम’ होता. ठगाने त्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे शेजारीशेजारी ठेवून नवे डोमेन विकत घेतले. छोट्या पडद्यावर ती जोडी हुबेहूब ‘एम’सारखी दिसते. डोमेन ठगाचे स्वतःचेच असल्यामुळे त्याने त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळे नीट बसवले आणि मेल प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण झाला. मेल खरोखर त्या डोमेनवरून आला, एवढेच ‘पास’ या शब्दातून कळते. ते डोमेन आपल्या ओळखीच्या माणसाचे आहे की नाही, हे ती यंत्रणा सांगू शकत नाही. डोमेनच्या नोंदणीची माहिती काढली की ते कधी आणि कोणत्या नोंदणीदार कंपनीमार्फत घेतले गेले हे कळते. युरोपचा गोपनीयता कायदा २०१८ साली लागू झाल्यापासून मालकाचे नाव बहुतेक वेळा झाकलेले असते, पण नोंदणीची तारीख दिसते, आणि वर्षानुवर्षे व्यवहार करणाऱ्या पुरवठादाराचे डोमेन चार दिवसांपूर्वी नोंदवलेले निघाले तर आणखी काय सांगायचे राहते?

यापुढचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तक्रारीत तो फार क्वचित विचारलेला असतो. बिलाचा क्रमांक, रक्कम आणि मागचा पत्रव्यवहार ठगाला मिळाला कुठून? याचा अर्थ दोघांपैकी कोणाची तरी मेलपेटी आधीपासून उघडी होती. ती कोणाची, हे शोधण्यासाठी दोन्ही बाजूंच्या मेलपेट्यांतील नियम तपासतात. ‘इनव्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ हे शब्द असलेला प्रत्येक मेल गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा, किंवा खऱ्या पुरवठादाराचे मेल कोणी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये हलवणारा नियम तिथे सापडतो. त्याच्या जोडीला लॉगिनच्या नोंदी पाहतात: कोणत्या दिवशी, कोणत्या देशातल्या आयपी पत्त्यावरून खाते उघडले गेले. नुकसान कोणी सोसायचे, यावरचा उद्योजक आणि पुरवठादार यांच्यातला वाद पुष्कळदा याच उत्तरापाशी येऊन थांबतो.

आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे

हेडरमधल्या वेळा वाचताना एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रत्येक सर्व्हर आपापल्या प्रमाणवेळेत नोंद करतो आणि तिच्यापुढे फरक लिहितो. गूगलच्या सर्व्हरांच्या नोंदी बऱ्याचदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत असतात. रात्री ११:५० आणि पुढे उणे ०७०० असे लिहिलेले असेल, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची दुपारी १२:२० ही वेळ झालेली असते. हा हिशेब चुकला तर परिणाम गंभीर होतात, कारण घरगुती इंटरनेटचा आयपी पत्ता बहुधा कायमचा नसतो. आज सकाळी जो पत्ता माहीमच्या एका घराला मिळाला, तोच संध्याकाळी मुलुंडच्या दुसऱ्या घराला मिळू शकतो.

मोबाइल इंटरनेटमध्ये तर गुंता आणखी वाढतो. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा तुटवडा असल्यामुळे दूरसंचार कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात आणि त्यांच्यातला फरक पोर्ट क्रमांकावरून, म्हणजे प्रत्येक जोडणीला दिलेल्या जादा आकड्यावरून, ओळखतात. म्हणून तपास अधिकाऱ्याने कंपनीला फक्त आयपी पत्ता आणि तारीख कळवली, तर उत्तरात नावांची लांबलचक यादी येते किंवा काहीच येत नाही. पत्ता, पोर्ट क्रमांक, सेकंदापर्यंतची वेळ आणि ती वेळ कोणत्या प्रमाणवेळेतली आहे, हे चारही तपशील दिल्यावरच एका ग्राहकापर्यंत पोहोचण्याची शक्यता निर्माण होते.

आणि तो ग्राहक सापडला, तरी तोच गुन्हेगार ठरत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा मेल आला होता आणि त्याचा आयपी पत्ता नवी मुंबईच्या सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचला. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. काही काळ साऱ्या देशाचे लक्ष त्याच्यावर खिळले होते. तपासाअंती निष्पन्न झाले की, त्याच्या वाय-फायला संरक्षण नव्हते आणि इमारतीच्या आसपास थांबलेल्या कोणीतरी त्याचे जाळे वापरून मेल पाठवला होता. पुढच्या महिन्यात तशाच प्रकारचा मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायवरून गेला, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या जाळ्यावरून. तिन्ही ठिकाणी आयपी पत्ता अगदी अचूक होता. त्या पत्त्याचा धनी आणि मेल पाठवणारा माणूस मात्र वेगवेगळे होते. मुंबईत या विषयावर कोणी शिकवत असेल, तर पहिल्या दिवशी हेच उदाहरण समोर ठेवावे असे मला मनापासून वाटते.

माणसापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुधा संगणकाबाहेरच्या पुराव्याने पुरा होतो. २००४ साली चेन्नईच्या न्यायालयात माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या अगदी सुरुवातीच्या शिक्षांपैकी एक सुनावली गेली. एका महिलेविषयी याहूवरील एका गटात अश्लील मजकूर टाकल्याचा तो खटला होता आणि आरोपीला मुंबईतून अटक झाली होती. तिथे तज्ज्ञांच्या साक्षीइतकीच सायबर कॅफेचालकांची साक्ष उपयोगी पडली, कारण त्या यंत्रासमोर कोण बसले होते हे सांगणारा दुवा तीच होती. आज कॅफेची जागा सीसीटीव्ही, मोबाइल मनोऱ्यांच्या नोंदी आणि जप्त केलेल्या फोनमधल्या खुणांनी घेतली आहे.

समाजमाध्यमांवरची खाती

बनावट इन्स्टाग्राम खाते ही मुंबईतल्या महाविद्यालयीन मुलींना भेडसावणारी नेहमीची तक्रार आहे. दुसऱ्याच्या ओळखचिन्हांचा गैरवापर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली येतो, आणि दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेली फसवणूक कलम ६६ ड खाली. दोन्हींना ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. कायदा एवढा स्पष्ट असूनही अनेक तक्रारी अडकतात त्या एका साध्या कारणाने: तक्रारीत खात्याचे नाव असते, पण खात्याची पूर्ण लिंक नसते. खात्याचे नाव बदलणे हे क्षणाचे काम आहे. गुन्हेगार ते बदलतो, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्या अधिकाऱ्याला ‘असे खाते नाही’ एवढेच उत्तर मिळते. प्रत्येक खात्याला कंपनीने आतून दिलेला एक अंकी ओळख क्रमांक असतो आणि नाव कितीही वेळा बदलले तरी तो बदलत नाही. तपासणारे लोक म्हणूनच खाते हयात असतानाच तो क्रमांक काढून ठेवतात.

हे क्रमांक किती बोलके असतात, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, प्रत्येक पोस्टच्या लिंकच्या शेवटी एक लांब आकडा असतो. २०१० च्या नोव्हेंबरपासून हे आकडे अशा पद्धतीने तयार होतात की, त्यांच्यातच पोस्टची वेळ दडलेली असते. त्या आकड्याला ४१९४३०४ ने भागून, पूर्णांक भाग घेऊन त्यात १२८८८३४९७४६५७ मिळवले की १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद उलटले होते हे मिळते. १८ वर १७ शून्ये असा गोल आकडा नमुन्यादाखल घेतला, तर हिशेबाअंती १० जून २०२४, सकाळी ८ वाजून ३० मिनिटे १७ सेकंद अशी भारतीय वेळ येते. पोस्ट काढून टाकली गेली असली आणि कोणाकडे फक्त तिची लिंक उरली असली, तरीही ही वेळ काढता येते. घटनेआधीच आपण इशारा दिला होता असे सांगत कोणी बनावट तारखेचा स्क्रीनशॉट पुढे केला, तर लिंकमधला आकडा त्याला खोटे पाडू शकतो.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये फोनचे मॉडेल, वेळ आणि कधी कधी अक्षांश-रेखांशही लिहितो. पण मोठी समाजमाध्यमे फोटो चढवताना लोकांसाठीच्या प्रतीतून हे तपशील काढून टाकतात, आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचेही तेच होते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल न बदलता जाते. तेव्हा मूळ फोटो ज्या फोनने काढला, तो फोन शोधणे हाच खरा मार्ग उरतो.

कंपनीकडे काय मागायचे, तेही नेमके ठाऊक असावे लागते. पोलिसांची मागणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ९४ खाली जाते. खाते कोणत्या मोबाइल क्रमांकावर आणि मेलवर उघडले, कधी उघडले, कोणकोणत्या आयपी पत्त्यांवरून वापरले, ही माहिती कंपन्या तुलनेने लवकर देतात. खासगी संदेशांचा मजकूर अमेरिकेतल्या सर्व्हरवर असेल, तर दोन देशांमधल्या परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराचा लांबचा रस्ता धरावा लागतो. या सगळ्या काळात नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून आधी ‘आहे ते जपून ठेवा’ असे पत्र पाठवतात; अमेरिकी कायद्यानुसार अशा विनंतीवर कंपनीला ९० दिवस माहिती राखून ठेवावी लागते आणि मुदत आणखी ९० दिवस वाढवता येते. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार, खाते बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती १८० दिवस जपणे आणि अधिकृत यंत्रणेने लेखी मागितलेली माहिती ७२ तासांत देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संगणकीय लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, १८० दिवस राखण्याची सक्ती केली आहे. लोकलज्जेपायी सहा-आठ महिने गप्प राहून मग पुढे येणाऱ्या पीडितेची तक्रार तितकीच खरी असते, पण तोवर तिच्या बाजूने बोलणाऱ्या बऱ्याच नोंदी गेलेल्या असतात. घरच्यांनी ‘आता कशाला बोभाटा’ असे म्हणण्याआधी याचा विचार केला, तर केवढे तरी उपकार होतील.

आणखी एक गोष्ट घरच्यांकडूनच बिघडते. बनावट खाते दिसले की सगळे नातेवाईक आणि मित्र मिळून ते ‘रिपोर्ट’ करतात आणि खाते बंद पाडतात. पीडितेला त्या क्षणी दिलासा हवा असतो, तो तिचा हक्कच आहे. फक्त त्याआधी पाच मिनिटे थांबून खात्याची लिंक, पोस्टच्या लिंका आणि पडद्याचे चित्रीकरण एवढे करून घेतले, तर दिलासाही मिळतो आणि तपासही जगतो.

फोन ताब्यात घेताना

व्हॉट्सअॅपचे संदेश एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. पोहोचलेला संदेश कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाही, न पोहोचलेला जास्तीत जास्त ३० दिवस थांबतो आणि तोही कुलूपबंद. म्हणजे संभाषणाचा मजकूर हवा असेल तर तो फोनमध्ये, समोरच्याच्या फोनमध्ये किंवा बॅकअपमध्येच शोधावा लागतो. गृहनिर्माण संस्थेच्या गटातल्या भांडणांत ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून मिळालेली फाइल पुरावा म्हणून पुढे केली जाते. ती साधी मजकूर फाइल असते आणि नोटपॅडमध्ये उघडून कोणालाही बदलता येते. फोनच्या आत संदेश एका डेटाबेसमध्ये असतात. प्रत्येक संदेशासोबत क्रमांक, पाठवल्याची आणि पोहोचल्याची वेळ नोंदलेली असते. ‘सर्वांसाठी डिलीट’ केलेल्या संदेशाचीही जागा तिथे शिल्लक राहते आणि पुसलेल्या नोंदींचे अवशेष कधी कधी परत मिळवता येतात. नेहमीच मिळतील, असे वचन कोणताही प्रामाणिक तपासनीस देणार नाही.

जप्तीच्या वेळच्या पहिल्या काही मिनिटांना म्हणूनच फार मोल असते. फोन दुरून पुसला जाऊ नये यासाठी तो एअरप्लेन मोडवर टाकतात किंवा रेडिओ लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवतात. चालू फोन उगाच बंद करत नाहीत, कारण एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झालेल्या आणि पासकोड न टाकलेल्या फोनमधून फारच कमी माहिती निघते. २०२४ मधल्या बदलानंतर आयफोन तर ७२ तास उघडला गेला नाही की आपणहून पुन्हा सुरू होतो, त्यामुळे जप्त फोन आठवडाभर कपाटात पडून राहणे आता पूर्वीपेक्षा महाग पडते. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण करावे लागते. कोणता फोन, कोणत्या स्थितीत, कोणासमोर घेतला, हे पंचनाम्याच्या कागदाबरोबर आता चित्रातही राहते.

प्रयोगशाळेत, मुंबईच्या बाबतीत बहुधा कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, मूळ साठ्यावर थेट काम करत नाहीत. त्याची तंतोतंत प्रत काढतात आणि दोन्हींची हॅश व्हॅल्यू, म्हणजे साठ्यातल्या माहितीवरून गणिताने काढलेला ठशासारखा आकडा, मोजतात. मुद्देमालाच्या पाकिटावरची लाखेची मोहर जे काम करते, तेच काम हा आकडा करतो. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी हॅश पूर्णपणे वेगळी येते. एसएचए-२५६ या पद्धतीने येणारी हॅश ६४ अक्षरांची असते. एमडी५ ही जुनी पद्धत २००४ साली आणि एसएचए-१ ही २०१७ साली संशोधकांनी प्रत्यक्ष भेदून दाखवली, म्हणजे दोन वेगवेगळ्या फाइलींची एकच हॅश तयार करून दाखवली. या दोन्ही पद्धती अजूनही सर्रास वापरल्या जातात आणि कायद्याच्या नमुन्यातही त्यांची नावे आहेत. तरी नव्या प्रकरणात एसएचए-२५६ सोडून केवळ एमडी५ वर विसंबणे म्हणजे उलटतपासणीला निष्कारण आमंत्रण देणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्राचा प्रश्न

हे सगळे न्यायालयात दाखल करताना कायदा एक प्रमाणपत्र मागतो: इलेक्ट्रॉनिक नोंद कोणत्या उपकरणातून आणि कशी काढली, हे सांगणारे. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ६५ ब खाली होते. त्याविषयीचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून गेलेल्या प्रकरणात लागला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर स्वीकारले गेले की नाही, हा अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यातला वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा. वारंवार मागूनही निवडणूक यंत्रणेने प्रमाणपत्र दिले नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रतीच्या रूपातल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर करून सिद्ध केले तर ते लागत नाही, आणि पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही समोरची संस्था प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि त्याने प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्या पक्षाने भरायचा: उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (प्रत्येक मोबाइल फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीची हॅश. भाग ‘ब’ तज्ज्ञाने. तज्ज्ञ म्हणजे नेमके कोण, याची व्याख्या या कलमात दिलेली नाही. सामान्य फिर्यादीला खासगी तज्ज्ञाची फी परवडत नाही आणि सरकारी प्रयोगशाळांवर कामाचा भार मोठा आहे, ही अडचण कायदा करणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवी. नोंद जेव्हा जेव्हा पुराव्यासाठी दाखल होते, तेव्हा प्रत्येक वेळी हे प्रमाणपत्र सोबत लागते. त्यामुळे ज्या फोनवर धमकी आली किंवा ज्या संगणकावर मेल उतरवला, तो खटला संपेपर्यंत फिर्यादीच्या ताब्यात राहणे गरजेचे असते. पोलिसांनी फोन जप्त न करता फिर्यादीला परत दिला असेल, आणि त्याने तो दिवाळीच्या एक्स्चेंज योजनेत देऊन नवा घेतला असेल, तर भाग ‘अ’ मध्ये लिहिलेला आयएमईआय साक्षीच्या दिवशी दाखवायला कोणाकडेच राहत नाही.